‘निसर्गकवी’ म्हणून सोडून देऊ नका : जॉन क्लेअरचे हेल्पस्टन आणि आमचे वर्ग

इंग्लंडमधले खेडे हा मराठी वाचकाने न पाहताच आपलासा केलेला प्रदेश आहे. हिरवी कुरणे, हॉथॉर्नच्या झुडपांची वळणावळणाची कुंपणे, मागे चर्चचा मनोरा, संध्याकाळी घरी परतणारी गुरे आणि या सगळ्याकडे टेकडीवरून पाहणारा एक चिंतनशील कवी, हे चित्र आमच्या मनात इतके पक्के बसले आहे की त्या चित्रात माणसे काय करतात, काय खातात, जमीन कोणाची आहे, हे प्रश्न विचारणे आम्हांला काहीसे अरसिकपणाचे वाटते. ग्रे, गोल्डस्मिथ, वर्ड्स्वर्थ यांच्या कविता शिकवताना आणि शिकताना आम्ही सर्वांनीच हा अरसिकपणा कटाक्षाने टाळला. आमच्याच खेड्यांबद्दल लिहिताना मात्र जमीन, पाणी, जात आणि मजुरी यांचे विस्मरण झालेल्या लेखकाला आम्ही क्षमा करीत नाही. ही दुहेरी फूटपट्टी अध्यापनातील किरकोळ त्रुटी नव्हे. तिचे मूळ आमच्या वाङ्मयीन दृष्टीतच आहे, असे आम्हांला वाटते. आणि एका गावाच्या व एका कवीच्या साक्षीने ते दाखवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ते गाव हेल्पस्टन. पीटरबरो आणि स्टॅमफर्ड या दोन शहरांच्या दरम्यानचे, क्लेअरच्या काळी नॉर्दम्प्टनशर परगण्यात मोडणारे आणि आज केंब्रिजशरमध्ये गणले जाणारे एक लहान खेडे. पूर्वेला फेन्सचा सपाट, दलदलीचा मुलूख सुरू होतो. दुसऱ्या अंगाला चुनखडीचा किंचित उंचवट्याचा माळ आणि जुनी राने आहेत. या गावात १३ जुलै १७९३ रोजी जॉन क्लेअरचा जन्म झाला. वडील पार्कर क्लेअर धान्य झोडपणारे शेतमजूर होते. त्यांना वाचता येई ते जेमतेम, पण शंभरावर बॅलड मुखोद्गत होती. आई निरक्षर. शाळा शेजारच्या ग्लिंटन गावच्या चर्चमधली, तीही शेतातले काम नसेल तेव्हापुरती. अशा घरातल्या मुलाने तेराव्या वर्षाच्या सुमारास जेम्स टॉमसनचे ‘सीझन्स’ स्टॅमफर्डहून विकत आणले, वाटेत बर्ली हाउसच्या उद्यानात बसून वाचले आणि कवितेला प्रारंभ केला. ही कथा गोड आहे आणि नेमकी एवढीच कथा वर्गात सांगितली जाते. तिच्यापुढची कथा गोड नाही.

क्लेअर वाढला ते हेल्पस्टन खुल्या शेतांचे गाव होते. गावाभोवती तीन मोठी शेते : लॉलहम ब्रिज फील्ड, हीथ फील्ड आणि वुडक्रॉफ्ट फील्ड. ‘शेत’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे एका मालकाचा बांधबंदिस्त तुकडा येतो. येथे तसे नव्हते. प्रत्येक मोठ्या शेतात अनेकांच्या अरुंद पट्ट्या विखुरलेल्या असत, मध्ये कुंपण नसे, आणि तीनपैकी एक शेत दरवर्षी पडीक ठेवले जाई. पीक निघाल्यावर खुंटांवर आणि पडीक शेतावर गावाची गुरे व मेंढ्या चरत. त्यापलीकडे हीथ, म्हणजे माळ. तेथे चराई, सरपण, गवत, झाडोरा. केव्हा पेरावे, केव्हा गुरे सोडावीत, हे एकट्याने ठरवायचे नसे. जॉन बॅरेल या समीक्षकाने १९७२ साली ‘द आयडिया ऑफ लँडस्केप अँड द सेन्स ऑफ प्लेस’ या ग्रंथात दाखवून दिले आहे की अशा गावाची भूगोलकल्पनाच वर्तुळाकार असते : मध्ये गाव, भोवती शेते, आणि वाटा गावातून निघून पुन्हा गावाकडेच येणाऱ्या. जगाचे केंद्र येथे आहे, पलीकडे नाही. क्लेअरच्या कवितेची रचना समजून घ्यायची तर प्रथम हे वर्तुळ समजून घ्यावे लागते.

१८०९ साली ब्रिटिश संसदेने हेल्पस्टन, मॅक्सी, ग्लिंटन, नॉर्थबरो, एटन इत्यादी शेजारच्या पॅरिशांसाठी कुंपणबंदीचा एकत्र कायदा केला. क्लेअर तेव्हा सोळा वर्षांचा होता. आयुक्त नेमले गेले, मोजणीदार आले, पट्ट्या एकत्र करून सलग तुकडे पाडण्यात आले, रस्ते सरळ आखले गेले, ओहोळ वळवले गेले, झाडे पडली आणि अंतिम निवाडा १८२० साली जाहीर झाला. हे एकट्या हेल्पस्टनचे दुर्दैव नव्हते. १६०४ ते १९१४ या काळात असे पाच हजार दोनशेहून अधिक कायदे झाले आणि इंग्लंडच्या एकूण जमिनीपैकी सुमारे एकपंचमांश, म्हणजे अडुसष्ट लाख एकर जमीन त्यांखाली आली, असे ब्रिटिश संसदेचीच नोंद सांगते. यात बेकायदेशीर काहीही नव्हते, हे विशेष ध्यानात घ्यावे. प्रत्येक गोष्ट अर्ज, विधेयक, सुनावणी आणि निवाडा या क्रमाने झाली. ज्याच्याकडे कागदावर हक्क होता त्याला त्याच्या हिश्शाप्रमाणे तुकडा मिळाला. ज्याचा हक्क केवळ वहिवाटीचा होता, त्याची वहिवाट कागदावर नसल्यामुळे ती नव्हतीच असे ठरले.

येथे भाषांतराचा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्याने गांभीर्याने घ्यावा असा आहे. इंग्रजीतील ‘कॉमन’ या शब्दाचे मराठी काय करायचे? आमच्यापैकी एकीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ‘सार्वजनिक मैदान’ असे लिहिले. कोशाच्या दृष्टीने ते फारसे चूक नव्हते. पण त्यामुळे संपूर्ण कविता चुकली. कॉमनची माती बहुतेक वेळा जमीनदाराचीच असे. तिच्यावर चराईचा, सरपणाचा, गवत कापण्याचा हक्क मात्र इतरांचा असे. मालकी एकाची आणि उपभोग अनेकांचा, ही ती व्यवस्था. ‘सार्वजनिक’ या शब्दात सरकार आहे, नगरपालिका आहे, बाकडी आहेत, वहिवाट नाही. त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गावात गायरान होते. तो शब्द त्याला माहीत होता. परंतु इंग्रजी कवितेच्या उत्तरात गायरान हा शब्द चालेल, अशी कल्पनाही त्याच्या मनात आली नाही, कारण ती येऊ नये अशीच आम्ही त्याला कविता शिकवली होती. इंग्लंडचे खेडे ‘लँडस्केप’ आणि आमचे खेडे ‘समस्या’, ही विभागणी त्याने आमच्याकडूनच उचलली.

गायरान हा शब्दही नेमका समानार्थी नाही, हे आम्ही जाणतो. त्याच्या मागे वेगळी महसूल-पद्धती, वेगळी जातव्यवस्था आणि वेगळा कायदा आहे. पण भाषांतरात नेमकेपणाइतकेच महत्त्व दिशेला असते. ‘मैदान’ वाचकाला उद्यानाकडे नेते. ‘गायरान’ वाचकाला हक्काच्या प्रश्नाकडे नेते. आणि क्लेअरची कविता त्या प्रश्नाकडेच बोट दाखवीत उभी आहे.

या कवितेचे बोट कोणाकडे आहे, हे सांगताना मात्र सोपी विभागणी करता येत नाही. कुंपणबंदीविरुद्ध लिहिणाऱ्या क्लेअरने स्वतः कुंपणे घालण्याच्या टोळीत मजुरी केली आहे. जे माळ बंद झाले त्यांच्यावर शोककाव्य लिहिणारे हात त्या माळांच्या कडेने झुडपे लावीत होते, कारण गावात दुसरे काम नव्हते. पुढे त्याने चुन्याच्या भट्टीवरही काम केले. शिवाय ज्या फिट्झविल्यम घराण्याची त्या भागात मोठी जमीनदारी होती, त्याच घराण्याने त्याला वर्षासन दिले आणि १८३२ साली तीन मैलांवरच्या नॉर्थबरो येथे राहायला घर दिले. बंडखोर कवी आणि क्रूर जमीनदार असे नाटक रचणाऱ्याची येथे निराशा होईल. आमच्या मते खरे नाट्य याहून कठोर आहे : ज्या व्यवस्थेने गाव हिरावले तिच्याच उपकारावर कवीने जगायचे, आणि त्या उपकाराची कृतज्ञता कवितेतूनही दिसली पाहिजे.

ती दिसली नाही तेव्हा काय झाले, याची नोंद उपलब्ध आहे. क्लेअरचा पहिला संग्रह १८२० च्या जानेवारीत निघाला. प्रकाशक जॉन टेलर, म्हणजे कीट्सचाच प्रकाशक. मुखपृष्ठावर कवीच्या नावापुढे ‘नॉर्दम्प्टनशरचा पेझंट’ अशी ओळख. वर्षभरात तीन हजारांहून अधिक प्रती खपल्या. परंतु हेल्पस्टनवरच्या कवितेत संपत्तीला दूषणे देणाऱ्या ओळी होत्या, आणि लॉर्ड रॅडस्टॉक या धर्मनिष्ठ आश्रयदात्याला त्या ओळींत बंडाचा आणि कृतघ्नपणाचा वास आला. त्याच्या आग्रहावरून पुढील आवृत्तीत त्या गाळल्या गेल्या. माळाच्या विनाशावरची ‘द मूर्स’ ही कविता आणि ‘द लॅमेंट ऑफ स्वॉर्डी वेल’ ही कविता त्याच्या हयातीत छापल्याच गेल्या नाहीत. म्हणजे ‘निसर्गकवी क्लेअर’ हा जसाच्या तसा निपजलेला कवी नव्हे; तो कात्रीने घडवलेला कवी आहे. ज्या ओळींत शेत, मजुरी आणि मालकी होती त्या गाळल्या, आणि पक्षी, फुले व ऋतू तेवढे राहू दिले. नंतरच्या पिढ्यांनी उरलेल्या कवितांकडे पाहून म्हटले : पाहा, हा निसर्गकवी.

‘पेझंट’ या शब्दाचेही असेच. मराठीत त्याचे ‘शेतकरी कवी’ असे भाषांतर सर्रास केले जाते. ते चूक आहे, आणि ही चूक निरुपद्रवी नाही. क्लेअरकडे जमीन नव्हती. त्याच्या गावात शेतकरी म्हणजे ‘फार्मर’, आणि फार्मर हा त्याला कामावर ठेवणारा मालक. मेरी जॉइस ही त्याची पहिली प्रीती. ती एका शेतकऱ्याची मुलगी होती आणि हा मजूर होता, या एका तपशिलात त्या गावाची सारी समाजरचना सामावली आहे. ‘शेतकरी कवी’ म्हटले की ती रचनाच पुसली जाते. मराठीत तरी ‘शेतकरी’ आणि ‘शेतमजूर’ यांतले अंतर कोणाला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

भाषेची कात्री याहून सूक्ष्म होती. क्लेअर आपल्या बोलीत लिहीत असे. गोगलगायीच्या शंखाला तो ‘पूटी’ म्हणे, लेडीबर्डला ‘क्लॉक-अ-क्ले’. विरामचिन्हे तो बहुधा वापरीतच नसे. १८२२ साली टेलरला लिहिलेल्या पत्रात त्याने व्याकरणाची तुलना राज्यकारभारातील जुलमाशी केली होती. टेलरने शब्द बदलले, विरामचिन्हे घातली, ओळी काढल्या. येथेही न्यायाने बोलायचे तर टेलर हा खलनायक नव्हता. त्याच्यामुळेच कवी छापला गेला, आणि विरामचिन्हांच्या कामी मदत हवी असे क्लेअरलाही काही वेळा वाटत होते. ऑक्सफर्डने १९८४ ते २००३ या काळात एरिक रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांची नऊ खंडांची आवृत्ती काढली ती हस्तलिखितांबरहुकूम, विरामचिन्हांविना. कवीचे चरित्रकार जोनाथन बेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र वाचकासाठी हलका संपादकीय हात फिरवावा अशी बाजू घेतली. हा वाद आमच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतच नाही. त्यांना छापील कविता हीच कविता वाटते. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली तेव्हापासून एका ‘निरक्षर’ बाईने एवढे कसे लिहिले, याचेच कौतुक आपल्याकडे अधिक झाले. बोली, मौखिकता आणि छापील पाठ यांच्या नात्याचा प्रश्न किती वर्गांत विचारला गेला? हेल्पस्टनचा हा वाद आमच्या कामाचा आहे, तो यामुळे.

आता ‘निसर्गकवी’ या बिरुदाकडे वळू. मराठीत हा शब्द बालकवींच्या संदर्भात रुळला आणि तेथे त्याला काही अर्थही आहे. पण तो शब्द क्लेअरला लावला की दोन गोष्टी घडतात. पहिली अशी, की निसर्ग हा श्रमापासून तोडला जातो. क्लेअरला पाखरांची घरटी दिसतात ती फिरायला निघालेल्या माणसाला दिसतात तशी नव्हे. वाकून काम करणाऱ्या, झुडूप हाताने बाजूला सारणाऱ्या, अंडी मोजणाऱ्या माणसाला दिसतात तशी. १८३५ च्या ‘द रूरल म्यूझ’मधील नाइटिंगेलच्या घरट्यावरची कविता वाचावी. कीट्सचा नाइटिंगेल हा एक आवाज आहे. क्लेअरचा नाइटिंगेल हा एक पत्ता आहे. ते घरटे कोठे आहे, कशाचे बनले आहे, तेथे कसे पोहोचावे आणि पोहोचल्यावर काय करू नये, हे तो सांगतो.

दुसरी गोष्ट रूपाची. अठराव्या शतकातील निसर्गवर्णनपर कविता उंचावर उभी राहते, दृश्याची चौकट करते, जवळचे-दूरचे अशी उतरंड लावते आणि त्यातून चिंतन काढते. क्लेअरच्या ओळीत एका वस्तूनंतर दुसरी वस्तू येते. कोणतीही दुसरीची पार्श्वभूमी होत नाही. मध्ये पूर्णविराम नाही, कारण मध्ये बांध नाही. या वाक्यरचनेला खुल्या शेताची वाक्यरचना म्हणावे, असे आम्हांला सुचवायचे आहे. बॅरेलच्या विवेचनाचा रोख याच दिशेने जातो. म्हणून आम्हांला उलट विचारावेसे वाटते : कवितेच्या स्वायत्ततेचा पुरस्कार करणारे आमचे रूपवादी मित्र क्लेअरचे रूप तरी समजून घेतात काय? १८०९ चा कायदा बाजूला ठेवला तर त्याची वाक्यरचना हा केवळ अशिक्षितपणा ठरतो. इतिहास आणला म्हणजे रूप हरवते, ही भीती येथे तरी निराधार आहे. इतिहास आणल्यावाचून येथे रूप दिसतच नाही.

आमच्यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला आर्थिक इतिहासाचा. कुंपणबंदीने उत्पादन वाढले, वाढत्या लोकसंख्येला धान्य मिळाले, आणि कुंपणे घालण्यापासून ओसाड जमीन लागवडीखाली आणण्यापर्यंत मजुरांना कामही मिळाले, असा युक्तिवाद इतिहासकारांनी केला आहे. तो आम्ही फेटाळीत नाही. पण वाढले काय, याबरोबरच बदलले काय, हेही विचारावे लागते. जे. एम. नीसन यांनी १९९३ च्या ‘कॉमनर्स’ या ग्रंथात नॉर्दम्प्टनशरच्याच कागदपत्रांवरून दाखवले की सामाईक हक्क ही जुनाट शोभा नव्हती. अल्पभूधारक आणि मजूर कुटुंबांच्या निर्वाहाचा तो प्रत्यक्ष आधार होता. ज्याची एक गाय आहे तो मालकाच्या कामाला ‘नाही’ म्हणू शकतो. गाय गेली की तो निव्वळ मजूर उरतो. कुंपणबंदीचा सर्वांत मोठा प्रचारक आर्थर यंग, त्यानेही १८०१ साली एक पुस्तिका लिहून गरिबांचे नुकसान झाल्याचे मान्य केले आणि माळजमिनी त्यांच्या निर्वाहासाठी द्याव्यात असे सुचवले. क्लेअरचे वडील म्हातारपणी पॅरिशच्या मदतीवर आले. ही बाब उत्पादनवाढीच्या आकड्यांत बसत नाही, कवितेत बसते.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. खुल्या शेतांचे गाव तरी कोठे स्वर्ग होते? क्लेअर आपले हरवलेले बालपण आणि हरवलेले गाव यांची गल्लत करीत नाही काय? करतो. १८०९ साली तो सोळा वर्षांचा होता. बालपण संपणे आणि माळ बंद होणे एकाच वेळी घडले, आणि त्याच्या कवितेत ही दोन्ही दुःखे एकमेकांत मिसळली आहेत. गावगाड्याच्या उमाळ्यांना भुलू नये हे आम्हांला कोणी शिकवण्याची गरज नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी भारतीय खेड्याविषयी जे कठोर विधान केले, त्यानंतर कोणत्याही ‘सामाईक’ गोष्टीकडे मराठी वाचकाने भाबडेपणाने पाहू नये. आमच्याकडे गायरान हे सर्वांचे म्हणवले गेले तरी सर्वांचे कधीच नव्हते. दादासाहेब गायकवाडांना १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे लढे उभारावे लागले ते उगाच नव्हे. परंतु यावरून निष्कर्ष काय काढायचा? सामाईकपणा अपुरा होता म्हणून तो हिरावून घेणे न्याय्य होते, असा काढता येणार नाही. अपुऱ्या हक्काला उत्तर पुरा हक्क हे आहे, कुंपण नव्हे. रेमंड विल्यम्स यांनी १९७३ च्या ‘द कंट्री अँड द सिटी’ या ग्रंथात हरवलेल्या सुवर्णयुगाची ही कल्पना एकेक पिढी मागे ढकलत नेऊन तिचा फोलपणा दाखवला. त्यांनीच क्लेअरच्या दुःखातील खरे नुकसानही ओळखले. दोन्ही गोष्टी एकाच वाचनात शक्य असतात, हे त्यांच्याकडून शिकावे.

आमच्या वर्गांत मात्र या साऱ्याऐवजी ‘वेड्या कवीची’ कथा चालते. तिचे तपशील हृदयद्रावक आहेतच. १८३७ साली क्लेअरला एपिंगच्या रानाजवळील हाय बीच येथील खाजगी वेड्यांच्या इस्पितळात ठेवले गेले. १८४१ च्या जुलैत तो तेथून निसटला आणि सुमारे ऐंशी मैल पायी चालून, वाटेत भुकेपोटी गवत खाऊन, घरी पोहोचला. मेरी जॉइसला भेटायला तो निघाला होता. ती १८३८ सालीच वारली होती. त्याच वर्षअखेरीस त्याला नॉर्दम्प्टनच्या इस्पितळात नेले, आणि २० मे १८६४ रोजी मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. ही कथा सांगावी. पण ती कवीच्या हळव्या मनाचा पुरावा म्हणून सांगितली की तिच्यातले गाव पुन्हा गायब होते. त्याच्या आजाराचे कारण कुंपणबंदी होती, असे ठाम विधान आम्ही करणार नाही. आजाराची कारणे इतकी सरळ नसतात. एवढेच म्हणू, की अवघ्या तीन मैलांवरच्या नॉर्थबरोला गेल्यावर ज्याला परदेशी गेल्यासारखे वाटले, त्याच्यासाठी ‘स्थळ’ ही सजावटीची वस्तू नव्हती.

आणि ते सुंदर कुंपण! पर्यटनाच्या भित्तिपत्रकांवर ज्याला इंग्लंडच्या ग्रामीण सौंदर्याची खूण म्हणून मिरवले जाते, ते सरळ रेषेत गेलेले हॉथॉर्नचे कुंपण कित्येक ठिकाणी कुंपणबंदीच्या निवाड्याचीच निशाणी आहे. आम्ही ज्याला निसर्ग म्हणून शिकवतो तो कित्येकदा सातबाराचा उतारा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर यांत्रिक शेतीसाठी ही कुंपणे मैलोगणती उपटली गेली, आणि मग त्यांच्यासाठीही हळहळ सुरू झाली. पाखरांनी दरम्यानच्या काळात त्यांत घरटी केली होती, म्हणून ती हळहळ खोटी नव्हे. इतिहास असाच थरावर थर रचतो. वाचकाने वरच्या थरावर थांबू नये इतकेच.

हेल्पस्टनमध्ये आज क्लेअरचे घर पाहता येते. २००५ साली त्याच्या नावाच्या विश्वस्त संस्थेने ते विकत घेतले. शेजारी ब्लू बेल हा जुना मद्यालय आहे, चर्चच्या आवारात कवीची कबर आहे. १९८९ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतही त्याचे स्मारक झाले. पण आम्हांला या सर्वांहून बोलकी वाटते ती गावाबाहेरची स्वॉर्डी वेलची खाण. कुंपणबंदीत ही जागा रस्त्यांच्या दगडांसाठी पॅरिशकडे गेली. क्लेअरच्या कवितेत ही जमीनच प्रथमपुरुषी बोलते : मी आता गावावर पडलेली निराधार आहे, अशा अर्थाने. माणूस जसा पॅरिशच्या दानावर येतो तशी जमीन आली. विसाव्या शतकात तेथे कचरा टाकला गेला. नंतर एका स्थानिक संस्थेने ती जागा घेऊन राखीव निसर्गक्षेत्र केले. आज तेथे पुन्हा रानफुले येतात. ज्या वाचकाला ही कविता ‘निसर्गकविता’ म्हणून शिकवली गेली, त्याला तेथे फुले दिसतील. ज्याला ती जमिनीची फिर्याद म्हणून शिकवली गेली, त्याला फुले आणि फिर्याद दोन्ही दिसतील. कुंपण कवितेलाही चुकले नाही : एरिक रॉबिन्सन यांनी १९६५ साली क्लेअरच्या अप्रकाशित लेखनाचे हक्क एका पौंडाला घेतले आणि पुढे ते बजावले, इतर अभ्यासकांनी त्या दाव्याला जाहीर आव्हान दिले. सामाईक माळाचा शोक करणाऱ्या कवीच्या ओळींवरही मालकीचा वाद व्हावा, यावर भाष्याची आवश्यकता नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. अभ्यासक्रम उलथून टाका असे आम्ही म्हणत नाही. ग्रे राहू द्या, वर्ड्स्वर्थ राहू द्या. त्यांच्याशेजारी क्लेअर ठेवा, आणि ठेवताना त्याच्या दोन पाठांपैकी दोन्ही ठेवा, टेलरचा आणि हस्तलिखिताचा. ‘कॉमन’, ‘हीथ’, ‘पेझंट’ हे शब्द फळ्यावर लिहून त्यांचे मराठी काय, हे विद्यार्थ्यांनाच विचारा. जो गावाकडून आला आहे त्याच्याकडे त्या तासाला तुमच्याहून अधिक ज्ञान असेल. ‘बनगरवाडी’ वाचताना मेंढरे कोणाच्या माळावर चरतात हे आपण विचारतो. तोच प्रश्न हेल्पस्टनलाही विचारा. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याने आपले गाव वर्गाच्या दाराबाहेर ठेवून आत यावे, ही अट कोणत्याही विद्यापीठाच्या नियमावलीत लिहिलेली नाही. तरीही ती पाळली जाते, कारण ती वहिवाट झाली आहे. वहिवाटी कागदावर नसल्या तरी किती बलवान असतात, हे हेल्पस्टनने जाणले होते. ही एक वहिवाट तेवढी मोडायला हवी.